भावाची शेवटची शाळा

माझा धाकटा भाऊ त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा शाळेत गेला. २०२२ सालची गोष्ट. फोनवर म्हणाला, "ताई, गोव्याला बदली झाली. नेव्हल वॉर कॉलेजला, कोर्ससाठी. वर्षभर तरी तुमच्या जवळ आहे."

मी आईला सांगितलं. ती पडवीत सोलं वाळत घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "ह्या वयात कॉलेज? तिथं काय शिकवतात गो? बंदुका मारायला तर केव्हाच शिकला ना तो? का मधेच नापास झाला होता नि आपल्याला सांगितलंन नाही?"

हसू आलं, पण खरं सांगायचं तर उत्तर मलाही देता आलं नाही. बावीस-पंचवीस वर्षं भाऊ नौदलात. बारावीनंतर १९९७ साली रत्नागिरी स्टँडवर एसटीत बसवून दिला तेव्हाचा तो किडकिडीत मुलगा आता नौदलात कॅप्टन म्हणजे सैन्यातल्या कर्नलच्या बरोबरीचा. आणि आम्हा घरच्यांना त्याच्या कामाबद्दल माहिती किती? तर तो बोटीवर असतो, सांगून येत नाही, आणि आला की आंबोळ्या मागतो.

आपल्याकडे 'एनडीए' म्हटलं की सगळ्यांना कळतं. खडकवासला, पांढरे कपडे, परेड. पण ती पहिली पायरी. तिथं अठरा-वीस वर्षांच्या पोरांना अधिकारी करतात. पुढे दहा-बारा वर्षं नोकरी झाली की परीक्षा, निवड, आणि मग निलगिरीतल्या वेलिंग्टनचं स्टाफ कॉलेज. तिथं सगळ्यांचा नंबर लागत नाही. आणि वीसेक वर्षांनंतर, ज्यांच्याकडे उद्या मोठी जबाबदारी द्यावी असं वाटतं अशा मोजक्यांना बोलावतात ते 'हायर कमांड'च्या कोर्सला. तिन्ही दलांच्या त्यासाठी तीन वेगळ्या संस्था. लष्कराची मध्य प्रदेशात महूला, हवाई दलाची सिकंदराबादला आणि नौदलाची गोव्यात. एकमेकांच्या कोर्सला हे लोक जातातही. आणि या सगळ्यांच्या वर दिल्लीचं नॅशनल डिफेन्स कॉलेज. १९६० साली पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झालेलं. तिथं ब्रिगेडियरच्या दर्जाचे अधिकारी असतात, सोबत आयएएस, परराष्ट्र खात्यातले आणि इतर देशांतले पाहुणे अधिकारीही. हे कॉलेज निघायच्या आधी असलं शिक्षण घ्यायला आपल्या लोकांना लंडनला इंपिरियल डिफेन्स कॉलेजात जावं लागे. ते १९२७ सालचं.

महूचं नाव ऐकून तुम्हाला वेगळंच काही आठवलं असेल. मलाही आठवलं. बाबासाहेबांचा जन्म तिथला, १८९१ चा. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ तिथं लष्करी शाळेत शिकवायचे, आणि त्यांचं मूळ गाव आंबडवे, आपल्याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं. त्याच महूच्या हायर कमांड कोर्समधून गेलेले जनरल मनोज नरवणे २०१९ च्या अखेरीस लष्करप्रमुख झाले. असो, मी गोव्याकडे निघाले होते.

दिवाळी झाल्यावर आईला घेऊन मांडवी एक्स्प्रेसनं थिवीला उतरले. वहिनी गाडी घेऊन आली होती. हे कॉलेज आहे वेरेला, पणजीच्या अगदी समोर, मांडवीच्या पलीकडच्या काठावर, 'आयएनएस मांडवी' नावाच्या नौदलाच्या तळावर. आधी ते मुंबईसमोरच्या करंजाला होतं. १९८८ साली सुरू झालं, तेव्हा नौदलप्रमुख होते ॲडमिरल जयंत नाडकर्णी. गोव्यात आलं २०११ मध्ये.

गेटवर पास, ओळखपत्र, फोटो काढायचा नाही अशी सक्त ताकीद. आईनं वहिनीला हळूच विचारलं, "लाडवाचा डबा दाखवायचा का गो त्यांना?"

क्वार्टरमध्ये शिरल्यावर मी बघतच राहिले. जेवणाचं टेबल अर्धं पुस्तकांनी भरलेलं. भिंतीला वेळापत्रक चिकटवलेलं. माझा भाऊ डोळ्यांवर चष्मा लावून हायलायटरनं रेघा मारतोय! आणि समोर नववीतली भाची, तीही रेघा मारतेय. वहिनी म्हणाली, "ताई, दोन विद्यार्थी सांभाळतेय मी. त्यातली ही बरी. हिला निदान निबंध आठशे शब्दांचा असतो."

त्याला मोठा प्रबंध लिहायचा होता. शिवाय वाचन, व्याख्यानं, चर्चा. विषय ऐकलेत तर तुम्हालाही नवल वाटेल. तेलाच्या किमती. समुद्राचा कायदा, म्हणजे किनाऱ्यापासून किती मैलांपर्यंत कोणाचा हक्क. आपल्या मच्छीमारांना रोजचा पडणारा प्रश्नच तो. शेजारी देशांचं राजकारण, जुन्या लढायांचा इतिहास. तोफा नि क्षेपणास्त्रं जवळजवळ नाहीतच. वर्गात नौदलाबरोबर लष्कराचे, हवाई दलाचे, तटरक्षक दलाचे लोक. भाऊ म्हणाला, "ताई, आजवर मला सांगत होते काय करायचं आणि मी विचार करायचो कसं करायचं. इथं उलटं. काय करायचं, आणि मुळात करायचं का, हे विचारायला शिकवतात."

आई म्हणाली, "हे तर मी तुला चौथीत असल्यापास्नं सांगत्ये."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तळापासून जवळच रेईश मागुशचा किल्ला आहे, आता छान डागडुजी केलेला. आईला खाली चर्चपाशी बसवून आम्ही वर गेलो. खाली मांडवी समुद्राला मिळतेय, पलीकडे पणजी. तिथं तटावर बसून त्यानं मला आपल्याच जिल्ह्याची गोष्ट सांगितली, जी मी शाळेत एका ओळीत पाठ केली होती.

कान्होजी आंग्रे गेले १७२९ साली. त्यांच्या हयातीत इंग्रज, पोर्तुगीज, डच कोणालाच त्यांचं आरमार मोडता आलं नाही. पुढे घरात भाऊबंदकी माजली. तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचं फाटलं. नानासाहेब पेशव्यांनी तुळाजीला वठणीवर आणायला चक्क इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ च्या एप्रिलमध्ये हर्णैचा सुवर्णदुर्ग पडला आणि १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजीचं अख्खं आरमार जळालं. हे आरमार तुळाजीचं असलं तरी मराठ्यांचंच होतं की! इतकी मोठी ताकद किनाऱ्यावर पुन्हा उभी राहिली नाही.

"लढाई म्हणून बघितली तर पेशवे जिंकले," भाऊ म्हणाला. "तुळाजी हातात आला. पण समुद्र कोणाच्या हातात गेला? या कोर्सला हेच विचारतात. जिंकलास ना? मग हरलास काय ते सांग."

मी हर्णैला किती वेळा गेले असेन! मासळीचा लिलाव बघितला, सुवर्णदुर्गासमोर फोटो काढले. आणि मुंबईतल्या नौदलाच्या तळाला 'आयएनएस आंग्रे' हे नाव १९५१ सालीच दिलेलं आहे, हेही मला तिथं तटावर बसून कळलं.

संध्याकाळी आईच्या हट्टामुळे बेती-पणजी फेरीबोटीनं जाऊन आलो. चालत जाणाऱ्यांना तिकीट नाही म्हटल्यावर आईनं दोन फेऱ्या केल्या!

या कोर्समध्ये 'वॉर गेम' नावाचा प्रकार असतो. नाव खेळाचं, पण खेळणाऱ्यांची झोप उडते. दोन बाजू करतात, वेगवेगळ्या खोल्यांत बसवतात. दुसऱ्या बाजूनं काय केलं ते तुम्हाला धड कळत नाही. बातमी येते ती अर्धी, कधी उशिरा, कधी चुकीची. त्यावर ठरवायचं, जहाजं कुठं पाठवायची, किती मागे ठेवायची. पंच निकाल देतात आणि मग सगळ्यांसमोर तुमचा निर्णय उसवतात. नुकसान कागदावरचंच. पण १९७१ च्या डिसेंबरमध्ये असाच एक निर्णय झाला होता, दीवजवळच्या समुद्रात पाणबुडीचा शोध घ्यायचा. त्यात ९ तारखेच्या रात्री 'खुकरी' बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले आणि त्यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक. त्याच युद्धात ४ तारखेच्या रात्री कराचीवर केलेला हल्ला आपण नौदल दिन म्हणून साजरा करतो. भाऊ म्हणतो, आम्हाला ४ तारखेपेक्षा ९ तारीख जास्त वाचायला लागते.

आणि एवढं करून, ऐकणाऱ्यानं ऐकलं नाही तर? कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात पूर्व विभागाचे प्रमुख होते. चीन चालून आला तर काय होईल, आपल्याला किती फौज लागेल, याचा अहवाल त्यांनी १९५९ सालीच वर पाठवला. १९६० च्या मार्चमध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा सराव घेऊन तेच मांडून दाखवलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी त्याला किंमत दिली नाही. थोरात १९६१ मध्ये निवृत्त झाले आणि १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये बरंचसं त्यांनी सांगितलं होतं तसंच घडलं. पंडितजींनी तो कागद पाहिला तो युद्ध पेटल्यावर. एखाद्या घरातही असं होतं ना, पावसाच्या आधी कौलं परतून घ्या म्हणून बाई सांगत राहते...

बरं, आता मूळ सांगायचं ते सांगते. मला ते सोपं जात नाही.

२०२३ च्या जानेवारीत आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करावं लागणार. मी फोन हातात घेतला आणि ठेवला. भावानं आदल्याच दिवशी सांगितलं होतं की हा आठवडा वॉर गेमचा, फोन लागणार नाही, सगळ्यांच्या नजरा असतात. मी ठरवलं, ऑपरेशन होऊ दे, मग सांगू. यजमान म्हणाले, सांग त्याला. मी म्हटलं, वीस वर्षांत तो कुठल्या प्रसंगाला होता? बाबा गेले तेव्हा तो बोटीवर होता, अग्नीसुद्धा माझ्या मुलानं दिला. आपण निभावलं ना? आता त्याचं एवढं मोलाचं वर्ष, त्यात कशाला विघ्न?

तिसऱ्या दिवशी वहिनीचा सहज फोन आला आणि माझा आवाज ऐकूनच तिनं ओळखलं.

तो त्याच रात्री निघाला. सावंतवाडी, कणकवली सुटसुटीत, पुढे लांजा ते हातखंबा रस्त्याची खोदाई चाललेली. पहाटे चारला हॉस्पिटलात हजर. आईला बघितलं. मग मला बाहेर व्हरांड्यात बोलावलंन आणि इतक्या हळू आवाजात बोलला की ओरडला असता तर बरं झालं असतं.

"ताई, तू ठरवणारी कोण?"

मी म्हटलं, "तुझ्या भल्यासाठीच..."

"माझ्यापर्यंत बातमी येऊ द्यायची की नाही हे तू ठरवलंस. मी काय केलं असतं ते मी ठरवलं असतं. कदाचित आलो नसतो. पण ते मी ठरवलं असतं."

मला रडू फुटलं. राग पण आला. बाबांच्या वेळचं सगळं तोंडावर आलं होतं, ते बोलूनही गेले. तो ऐकून घेत राहिला. सहा वाजता वॉर्डातली बाई चहा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघं बाकावर शेजारी शेजारी, न बोलता. आईला जाग आली. त्याला बघून पहिलं वाक्य काय तर, "परीक्षा टाकून आलास?"

"सुट्टी घेऊन आलोय आई."

"मार्क कापतील."

"कापू देत."

तो तीन दिवस राहिला. आईला पहिल्यांदा वॉकर धरून उभं केलं ते त्यानं. त्या वर्षी तो चार वेळा रत्नागिरीला येऊन गेला. एकदा तर गणपतीत पाच दिवस! आईनं आयुष्यात ते एक वर्ष मोजून ठेवलंय. कोर्समध्ये तो काय शिकला याच्याशी तिला कर्तव्य नाही.

कोर्स संपला, तो विशाखापट्टणमला गेला. पुढच्या हुद्द्यासाठी बोर्ड बसतं. हे कॉलेज करून आलेला प्रत्येक जण ॲडमिरल होतो असा माझा समज होता. तसं नसतं. वर जावं तशा खुर्च्या कमी कमी होत जातात. इतक्या कमी की एका तुकडीतले फार थोडे ध्वजाधिकारी होतात. तिथवर पोचलेले सगळेच हुशार, सगळ्यांचे अहवाल चांगले, आणि तरी निवडायचे मोजकेच. आपल्याकडे आंबा लावताना असतं ना, एकाच झाडाचा, एकाच दिवशी उतरवलेला, डाग नाही काही नाही, तरी पहिल्या पेटीत बसतात तेवढेच बसतात.

२०२४ च्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. "नाही झालं, ताई."

मी काय बोलणार? "जेवलास का?" असं विचारलं. मूर्खासारखं.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये टीव्हीवर त्याच कॉलेजची बातमी आली होती, संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी नव्या इमारतीचं उद्घाटन केलं, चोल राजांच्या आरमाराची आठवण म्हणून तिचं नाव 'चोल'. आईनं हाका मारून शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवलं होतं, "ही माझ्या मुलाची शाळा." जुलैत त्याच शेजारणींनी विचारलं, "काय, झाला का मोठा साहेब?" आई शांतपणे म्हणाली, "मोठाच आहे तो."

भाऊ सावरला, निदान तसं दाखवलं. मला काळजी वाटत होती वहिनीची. ती एमएस्सी बीएड. लग्न झाल्यापासून नऊ शाळांत शिकवलंन. नऊ! प्रत्येक ठिकाणी वर्ष-दीड वर्ष, तात्पुरती. कुठं कायम व्हायची वेळ आली की बदली. मुंबई, कोची, विशाखापट्टणम, पोर्ट ब्लेअर, पुन्हा मुंबई. नवऱ्याचा हुद्दा वाढत गेला आणि ही दर वेळी नव्या शाळेत सगळ्यात ज्युनिअर. कधी कुरकूर ऐकली नाही. बोर्डाचा निकाल लागल्यावर मात्र मला फोनवर म्हणाली, "ताई, त्यांना निदान 'नाही' असं कोणीतरी सांगितलं तरी. मला कधी कोणी विचारलंच नाही, हो का नाही ते."

मग तिनं एक गोष्ट केली. भाऊ विशाखापट्टणमला, आणि ही मुलीला घेऊन रत्नागिरीत आली. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून भाड्यानं घर घेतलं. मुलीची अकरावी-बारावी इथं, आणि वहिनी इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. कायम व्हायचं पत्र गेल्या वर्षी मिळालं. त्या दिवशी तिनं आईच्या पाया पडून पेढे वाटले. मी तिला इतकं खुललेलं तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

सगळं मार्गी लागतंय असं वाटेपर्यंत भाचीनं बॉम्ब टाकला. तिला एनडीएला जायचंय.

सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली मुलींना एनडीएची परीक्षा देऊ दिली, हे तुम्हाला आठवत असेल. २०२२ मध्ये पहिल्या मुली खडकवासल्यात दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ ला १७ मुली तिथून बाहेर पडल्या. त्या दिवशी भाची टीव्हीसमोरून हलली नाही. तिच्या भिंतीवर प्रेरणा देवस्थळींचा पेपरातला फोटो आहे, २०२३ च्या डिसेंबरमध्ये नौदलाच्या युद्धनौकेची, 'त्रिंकट'ची, कमांडर म्हणून पहिल्यांदा एका बाईची निवड झाली तेव्हाचा. त्याखाली 'तारिणी' शिडाच्या बोटीचा. त्या बोटीनं २०१७ मध्ये सहा मुली जगप्रदक्षिणेला निघाल्या त्या वेऱ्याच्याच धक्क्यावरून. आणि २०२४ च्या २ ऑक्टोबरला दिलना आणि रूपा या दोघी अधिकारी निघाल्या त्याही तिथूनच, आठ महिन्यांनी परतल्या. भाची म्हणते, "आत्या, मी तिथं नऊ महिने राहिल्येय. आमच्या क्वार्टरच्या खाली होता तो धक्का."

मी बोटांवर हिशेब केला. २०२५ ला बाहेर पडलेल्या त्या १७ जणींतली एखादी हायर कमांडच्या वर्गात बसेल ती २०४५ च्या आसपास. भाचीचा नंबर त्याही पुढे. तेव्हा मी असले तर सत्तरीत असेन.

भाऊ खूश आहे, पण स्पष्ट बोलत नाही. बायकोसमोर तर नाहीच. वहिनी बोलते, स्वयंपाक करता करता, माझ्याकडे न बघता. "तिला बोटीवर पाठवायला मी घाबरत नाही हो ताई. ती करेल. पण ती बदलीवर निघाली की तिच्यामागून नऊ शाळा कोण बदलेल? तिच्यासाठी कोण सोडेल? बघितलाय का तुम्ही असा मुलगा?"

मला उत्तर सुचलं नाही. मी नारळ खवत राहिले.

परवा आईनं भाचीला जवळ बोलावलं. वॉकर बाजूला ठेवून विचारलं, "तिकडे गेलीस तर मी मेल्यावर येशील का?"

"आजी, असं काय बोलतेस!"

"नाही, तसं नव्हे. ये म्हणत नाही मी. पण तुला कळवायचं की नाही ते आत्ताच सांगून ठेव तुझ्या आत्येला. मागे तिचा घोटाळा झालाय."

भाचीनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "कळवा. मग मी बघीन."

फॉर्म भरायची तारीख जवळ आली आहे. फोटो काढून झाला, दाखले झाले. रोज संध्याकाळी ती मांडवीच्या वाळूत पळून येते, चप्पल हातात, गुडघ्यापर्यंत भिजलेली. वहिनी दारात टॉवेल घेऊन उभी असते. हो म्हटलेलं नाही तिनं अजून.